दोरीच्या आत कोण? डोंगरावरचा वणवा, हेलिकॉप्टर आणि जमिनीवरची माणसं : एक प्रकरण

पारसिकच्या डोंगररांगेची एक सोंड नवी मुंबईच्या बाजूला उतरते. तिथे वणव्यावर हेलिकॉप्टरने पाणी टाकण्याचा सराव झाला, त्या दोन दिवसांची ही नोंद आहे. वस्तीचं नाव, साल, संस्थांची आणि माणसांची नावं वगळली आहेत. मी अग्निशमन दलात नोकरी केली आणि आता प्रशिक्षणाचं काम करतो. या सरावाला मला सुरक्षा निरीक्षक म्हणून बोलावलं होतं. या प्रकरणात कुणी दगावलं नाही, कुणाला टाकासुद्धा पडला नाही. तरीही हे लिहून ठेवायला हवं. दुसऱ्या दिवशी सव्वाबाराच्या सुमारास पंचविशीतला एक मुलगा उतारावरून हेलिकॉप्टरच्या फिरत्या पंख्याच्या दिशेने खाली येत होता, आणि तो का थांबला याचं उत्तर 'नशीब' हे नाही.

पार्श्वभूमी

मुंब्रा-कळव्यापासून बेलापूरपर्यंत गेलेली ही रांग पावसाळ्यात हिरवी दिसते. दिवाळीनंतर तिच्यावरचं गवत पिवळं पडतं आणि फेब्रुवारीत ते काडीला काडी लागली तरी पेटेल इतकं वाळतं. वर साग, ऐन, पळस, मधल्या घळींत कारवी, पायथ्याशी वस्त्या, कारखाने आणि जुन्या दगडखाणी. बहुतेक आगी माणसाच्याच हातून लागतात. कुणी गवत चांगलं फुटावं म्हणून काडी लावतं, कुणी कचरा पेटवून निघून जातं, कुणी विझवल्याची खात्री न करता चूल सोडून उठतं.

अशी आग विझवण्याची आपली पद्धत पायी जाण्याची आहे. हंगामाआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे गवताचे पट्टे आधीच जाळून मोकळे करायचे. आग लागली की ओल्या डहाळ्यांनी झोडपायचं आणि पाठीवरच्या ब्लोअरने पाचोळा मागे सारून आगीची वाट तोडायची. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाच्या नोंदीवरून मोबाइलवर सूचना येते, पण तिच्यातला एक ठिपका सुमारे ३७५ मीटर बाजूचा असतो आणि उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हाच तो उमटतो. बऱ्याचदा त्याआधी पाड्यावरून फोन आलेला असतो.

हेलिकॉप्टरने पाणी टाकण्याचं काम आपल्याकडे प्रामुख्याने हवाई दलाने केलं आहे. २०१६ मध्ये उत्तराखंड, २०१९ मध्ये बंदीपूर, २०२१ च्या जानेवारीत नागालँड-मणिपूर सीमेवरचं झुको खोरं, २०२४ मध्ये नैनिताल. या कामांत एमआय-१७ या मोठ्या हेलिकॉप्टरखाली टांगलेली 'बांबी बकेट' ही पाण्याची बादली वापरली गेली. आपल्या डोंगरांवर रोज हेलिकॉप्टर येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. मात्र एक दिवस ते आलंच, तर खाली उभ्या असलेल्या माणसांनी काय करायचं हे कुणाला माहीत नव्हतं. त्यासाठी एका उद्योगाच्या सामाजिक निधीतून एच-१२५ जातीचं लहान हेलिकॉप्टर आणि साधारण सातशे लिटरची बादली दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली गेली. हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानग्या काढल्या. पाणी उचलायचं ते एका बंद पडलेल्या दगडखाणीतल्या तळ्यातून. वनखात्याचे कर्मचारी, महापालिकेच्या अग्निशमन केंद्रातले जवान, पाड्यांवरचे हंगामी अग्निरक्षक आणि एका गिर्यारोहण संस्थेचे तरुण, असे सगळे मिळून पन्नासेक जण होते.

अडचण

सरावाच्या आराखड्यात पाण्याचा हिशेब चोख होता. किती लिटर, एका फेरीला किती मिनिटं, तळ्याची खोली किती, उच्चदाबाच्या वीजतारा कुठून जातात, सगळं होतं. जमिनीवरच्या माणसांसाठी एकच ओळ होती : 'सर्वांनी सुरक्षित अंतर राखावे.'

ही ओळ वाचून मला झोप लागली नाही. सुरक्षित अंतर म्हणजे किती, कुठून मोजायचं, कोण राखून घेणार, आणि ते न राखणारा साहेब असेल तर काय? आपली माणसं घाबरट नाहीत. संकट दिसलं की ती मदतीला धावतात, आणि वणव्यात हाच गुण कामाला येतो. हेलिकॉप्टरजवळ मात्र तोच गुण जीव घेतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये केदारनाथच्या हेलिपॅडवर एका सरकारी अधिकाऱ्याचा शेपटीच्या पंख्याचं पातं लागून मृत्यू झाला. विमानवाहतुकीच्याच खात्यात काम करणारा माणूस होता तो.

सरावाच्या आदल्या दुपारी हेलिकॉप्टरचे पायलट, म्हणजे कॅप्टन, आणि हेलिकॉप्टर कंपनीचा इंजिनिअर यांच्यासोबत जागा पाहिली. उतरण्यासाठी डोंगराच्या मध्यावरचा एक माळ निवडला होता. जागा मोकळी आणि आगीच्या जवळ, पण पूर्वेकडे जमीन लगेच चढते. ती चढण पाहून कॅप्टननी आधी मान हलवली.

का, ते सांगतो. या यंत्राचा मुख्य पंखा पावणेअकरा मीटर व्यासाचा. सपाट जमिनीवर पाती साधारण तीन मीटर उंचीवर फिरतात, म्हणजे डोक्याच्या बरीच वर. पण जमीन चारास एक या प्रमाणात चढत असेल, तर मध्यापासून सव्वापाच मीटरवर, म्हणजे पात्याच्या टोकाखाली, ती सव्वा मीटरहून जास्त वर आलेली असते. उरले पावणेदोन मीटर किंवा त्याहून थोडे कमी. साडेपाच फुटांचा माणूस हेल्मेट घालून ताठ चालत आला, तर त्याचं डोकं आणि पातं जवळपास एकाच उंचीवर येतात. त्यात यंत्र बंद करताना पंखा मंदावला की पाती ताणलेली राहत नाहीत, खाली झुकतात, आणि वाऱ्याचा झोत आला की टोक आणखी खाली येतं. चढावरून यंत्राकडे कधीही यायचं नाही, हा नियम या हिशेबातून आला आहे.

शेपटीचा पंखा याहून वाईट. तो मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतो. घरचा छताचा पंखा पूर्ण वेगात असला की पाती न दिसता नुसता धूसर गोल दिसतो. इथे तो गोलही उन्हात विरून जातो. एच-१२५ मध्ये तो उजव्या बाजूला आहे, माणसाच्या छातीपासून डोक्यापर्यंतच्या उंचीत येतो आणि पायलटला दिसत नाही.

माळावर आणखी काही गोष्टी होत्या. पाहुण्यांसाठी मांडव घातला होता, यंत्र टेकणार तिथून चाळीस पावलांवर. मागे फ्लेक्स, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. इतक्या वजनाचं यंत्र हवेत तोललं गेलं की पंख्याखालचा झोत गणिताने ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरपर्यंत जातो. सुटलेलं कापड वर ओढलं जाऊन पंख्यात जाऊ शकतं. जमीन मुरमाड होती, म्हणजे धुळीचा लोट उठणार. आणि रेडिओ. विमानांचे रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एएम पद्धतीने चालतात, वनखात्याचे आणि अग्निशमन दलाचे वॉकीटॉकी एफएमवर, वेगळ्याच पट्ट्यात. पायलट आणि आगीजवळची माणसं एकमेकांच्या नजरेसमोर असूनही बोलू शकणार नव्हती.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात बैठक बसली आणि बरीच लांबली.

अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं : माळ सोडून द्या, यंत्र पायथ्याच्या शाळेच्या मैदानात उतरवा, माणसं पायी वर जातील. हा सगळ्यात निर्धोक मार्ग होता. पण मग सराव कसला, असं वनविभागाला वाटत होतं. खरी आग लागली की यंत्र वरच उतरवावं लागणार, तेव्हा आत्ताच सगळ्यांना जवळून पाहू द्या, पन्नासच्या पन्नास जणांना एकेकदा यंत्रापर्यंत नेऊन आणू, असं परिक्षेत्र अधिकारी साहेब म्हणाले. त्यांच्या मनात खोट नव्हती. आपल्या माणसांना शिकायला मिळावं एवढंच होतं.

कॅप्टननी नकार दिला. "पचास लोग मेरे पंखे के नीचे नहीं आएँगे," एवढंच. मी त्यांना दुजोरा दिला. माणसं जवळ जाऊन आली की शिकत नाहीत, त्यांची भीती मोडते. बंद यंत्राजवळ नेऊन शिकवावं, फिरत्या यंत्रापासून लांब ठेवावं.

शेवटी मधला मार्ग निघाला. यंत्र माळावरच उतरेल, पण चढाच्या बाजूपासून जेवढं दूर जाता येईल तेवढं पश्चिमेकडे सरकून. भोवती दोरीचं कडं. अमेरिकेतल्या वणवा-विभागांच्या मापांत लहान हेलिकॉप्टरसाठी ७५ फूट व्यासाचं मोकळं वर्तुळ धरतात, मोठ्यासाठी ११० फूट. आम्ही दोरी त्याच्याही बाहेर, पंचवीस मीटरवर बांधली, कारण आमची माणसं नवखी होती. दोरीच्या आत फक्त तिघे : कंपनीचा इंजिनिअर, हातात विमानपट्ट्याचा रेडिओ असलेला अग्निशमन दलाचा एक जवान, आणि जमिनीची जबाबदारी घेतलेली एक वनरक्षक. पाणी पडताना उतारावर कुणीही नाही. पाणी आधी, माणसं नंतर.

वनरक्षक म्हणून कोण, यावर थोडी चर्चा झाली. एका ज्येष्ठ वनपालांचं नाव पुढे आलं. मी आग्रह धरला तो एका तरुण वनरक्षक मॅडमसाठी. कारण साधं होतं. दुपारी जागा पाहताना मांडव हलवायला हवा हे सगळ्यात आधी त्या बोलल्या होत्या, आणि समोर साहेब उभे असताना बोलल्या होत्या.

काय केलं

सकाळी पहिलं काम म्हणजे मांडव पाडला. मंडपवाला नाराज झाला, पण खुर्च्या आणि फ्लेक्स सगळं खाली शाळेत गेलं. टँकरने माळावर पाणी मारलं. पत्र्याचे तुकडे, पिशव्या, वाळक्या फांद्या अग्निरक्षक महिलांनी वेचल्या.

मग सगळे रांगेत बसल्यावर परिक्षेत्र अधिकारी साहेबांनी एक वाक्य सांगितलं, आणि दोन दिवसांतलं सगळ्यात मोलाचं काम त्या वाक्याने केलं असं मी मानतो. "दोरीच्या आत मॅडमचा शब्द शेवटचा. माझ्यासाठीसुद्धा." हुद्द्याने कितीतरी वर असलेल्या माणसाने चारचौघांत हे म्हटलं नसतं, तर पुढच्या काही गोष्टी वेगळ्या घडल्या असत्या.

यंत्र बंद असताना प्रत्येक गटाला पुढून नेऊन दाखवलं. पायलटच्या नजरेच्या टप्प्यातूनच यायचं, त्याने अंगठा दाखवल्याशिवाय हलायचं नाही, वाकून चालायचं, पळायचं नाही. पंजा, कोयता, काठी खांद्यावर नाही, कमरेखाली आडवी. टोपी, उपरणं, गमछा, ओढणी बॅगेत. टोपी उडाली तर तिच्या मागे जायचं नाही. हे शेवटचं तीनदा सांगितलं, कारण माणूस उडालेल्या टोपीमागे विचार न करता धावतो.

बादली अडकवायची ती यंत्र पूर्ण बंद असताना, असं ठरलं. हवेत तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते. खालून हुकाला हात लावणाऱ्याला ती झटका देते. त्यासाठी जमिनीशी जोडलेला दांडा आधी हुकाला टेकवतात. आमच्याकडे तो दांडा होता, पण तो वापरण्याची वेळच येऊ दिली नाही.

पाण्याच्या वजनाबद्दल थोडं. सातशे लिटर म्हणजे सातशे किलो. लोकांना वाटतं पाणीच तर आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोच्या आगीत एका मोठ्या विमानाने फारच खालून आगरोधक द्रव टाकला. त्या माऱ्याने झाड उन्मळलं आणि खाली काम करणारा एक अग्निशामक गेला. आमच्या बादलीशी त्याची तुलना होत नाही, पण उतारावरचा सुटा दगड किंवा अर्धवट जळालेली फांदी खाली आणायला सातशे किलो पुरेसे आहेत. चुकून माऱ्याखाली सापडलंच तर काय, तेही करून घेतलं : हत्यार बाजूला टाकायचं, हेल्मेट घट्ट, येणाऱ्या यंत्राकडे डोकं करून पालथं पडायचं, हाताला येईल तो पक्का आधार धरायचा.

पहिला दिवस नीट गेला. दुपारी एक स्थानिक पदाधिकारी हार घेऊन कार्यकर्त्यांसह आले आणि कॅप्टनचा सत्कार करायला थेट दोरीकडे निघाले. पंखा अजून फिरत होता. मॅडम आडव्या उभ्या राहिल्या. "दादा, दहा मिनिटं. पंखा थांबू दे, मी स्वतः तुम्हाला घेऊन जाते." कार्यकर्ते कुरकुरले. दादांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "मॅडम सांगतील तसं." सत्कार नंतर झाला आणि फोटोही चांगले आले.

पहिला निर्णयाचा क्षण : पाणी टाकायचं की थांबायचं?

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या पुढे शेजारच्या सोंडेवर धूर दिसला. ही सरावाची आग नव्हती.

सकाळी या बाजूला मतलई वारे असतात, मंद, डोंगराकडून खाडीकडे. दुपार चढली की खारा वारा सुटतो आणि आगीला थेट चढावर ढकलतो. म्हणजे हातात तास-दीड तास होता. ब्लोअर घेऊन बारा जण केव्हाच सोंडेवर पळाले होते. सगळ्यांच्या नजरा हेलिकॉप्टरवर. बादली लावलेली, टाकीत इंधन, तळं चार मिनिटांवर.

साहेबांनी कॅप्टनना विचारलं. कॅप्टननी उलटा प्रश्न केला : उतारावर तुमची माणसं किती आणि ती कुठे आहेत? मोजणी सुरू झाली. अकराच भरत होते. बारावे एक ज्येष्ठ वनमजूर, सगळे ज्यांना काका म्हणतात ते. तीस वर्षं या डोंगरात घालवलेला माणूस. आगीचं तोंड वरून अडवायला ते कारवीच्या घळीतून एकटेच गेले होते. मोबाइलला तिथे रेंज नाही आणि वॉकीटॉकी गटप्रमुखाकडे होता.

आता काय? एक मत असं की काका शहाणे आहेत, ते आगीच्या वर असतील, आपण खालच्या कडेवर पाणी मारू. वनविभागाने लावलेलं रोपवन सोंडेच्या वरच्या अंगाला होतं आणि आग त्याच दिशेने सरकत होती. हे मत मांडणारे बेफिकीर नव्हते. रोपं त्यांनी स्वतः लावली होती, दोन उन्हाळे पाठीवर पाणी वाहून जगवली होती.

दुसरं मत मॅडमचं. "काका दिसल्याशिवाय मी मोकळं म्हणणार नाही." आणि त्यांनी मोकळं म्हटल्याशिवाय कॅप्टन उडणार नव्हते.

तिसरा पर्याय म्हणजे दोन मुलांना घळीत पाठवणं. तो मी तिथेच मोडून काढला. एकाला शोधायला दोघांना आगीच्या वर पाठवायचं म्हणजे हरवलेले तीन.

हेलिकॉप्टर जमिनीवर होतं म्हणून अग्निशमन दलाचा ड्रोन वर जाऊ शकला. घळीच्या डोक्याशी उघड्या कातळावर काका दिसले, हातात डहाळी घेऊन. समोरच्या धारेवरच्या पोरांनी लाल कापड हलवून हाका मारल्या, "काका, मागे फिरा!" ते कातळावरून पलीकडच्या अंगाला उतरले. ड्रोन खाली आला, बॅटरी काढून पेटीत गेला, आणि मग पंखा सुरू झाला. ड्रोन आणि हेलिकॉप्टर एकाच वेळी हवेत नाहीत, ही अट कॅप्टननी आधीच घातली होती.

या सगळ्यात पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात रोपवनाची वरची कड गेली. संध्याकाळी काही जणांनी बोलून दाखवलं की थांबलो नसतो तर ती वाचली असती. खरं आहे, वाचली असती. तरीही तो निर्णय बरोबर होता, आणि काका पलीकडे सुखरूप निघाले म्हणून तो बरोबर ठरत नाही. त्या घटकेला कुणालाच काका कुठे आहेत हे ठाऊक नव्हतं, एवढं कारण पुरे आहे.

दुसरा निर्णयाचा क्षण : पंखा फिरता ठेवायचा की बंद करायचा?

सहा फेऱ्या झाल्या. कॅप्टन आगीच्या कडेला समांतर उडत, वेग पूर्ण न मोडता पाणी सोडत होते. आगीवर खाली तरंगत राहिलं तर पंख्याचाच झोत निखारे उडवून आग पलीकडे नेतो. प्रत्येक माऱ्यानंतर रेडिओवरचा जवान 'मोकळं' घेत असे आणि मग ब्लोअरवाले जळून काळ्या झालेल्या बाजूने आत जात. पाणी आगीचं तोंड बसवत होतं, आग विझवत होती ती माणसं. हा क्रम एकदाही मोडला नाही.

सातव्या फेरीआधी बादलीची झडप अडकली. कॅप्टन माळावर आले, बादली समोर टेकवली आणि यंत्र तिच्या मागे उतरवलं. इंजिनिअर म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे. पंखा फिरता ठेवूनच झडप पाहायची असं ठरलं. खारा वारा सुटायला लागला होता आणि बंद करून पुन्हा सुरू करण्यात वेळ गेला असता.

त्याच वेळी गिर्यारोहण संस्थेचा एक मुलगा धारेवरून खाली येत होता. पाठीवर ब्लोअर, डोळ्यांवर धुराने काळवंडलेला गॉगल, कानांत बोळे. त्याला बादलीशी खटपट करणारा इंजिनिअर दिसला आणि वाटलं, हात द्यावा. धारेवरची पायवाट थेट माळाच्या चढाच्या बाजूला उतरते, म्हणजे जिथून कधीच येऊ नये तिथूनच तो येत होता, आणि उतारामुळे पाय आपोआप झपझप पडत होते.

मॅडम यंत्राच्या पुढच्या बाजूला होत्या. त्यांनी शिट्टी वाजवली, ती त्यांच्या स्वतःच्या कानालाही ऐकू आली नसेल. दोन्ही हात डोक्यावर फुली करून थांबण्याची खूण केली. त्याचं लक्ष बादलीकडे होतं. त्याला अडवायला पंख्याखालून पलीकडे धावायचा मोह त्यांना झाला असणार. त्या धावल्या नाहीत. रेडिओच्या जवानाला त्यांनी फक्त चढाकडे हात दाखवला आणि त्याने कॅप्टनना यंत्र आहे तसंच, न हलवता धरायला सांगितलं.

मुलाला थांबवलं दोरीने. चढाच्या बाजूला दोरी हवीच कशाला, तिकडून कोण येणार, असं आदल्या दिवशी बरेच जण म्हणाले होते. अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यांनी हट्टाने ती बांधून घेतली, तिला लाल चिंध्या लावल्या आणि तिथे पाड्यावरचा एक तरुण अग्निरक्षक उभा केला. त्याला एकच काम : यंत्राकडे पाठ करून वर पाहायचं. बाकीचे सगळे हेलिकॉप्टरकडे पाहत असताना तो डोंगराकडे पाहत होता. त्याने मुलाला येताना पाहिलं, दोरीपाशी गाठलं आणि ब्लोअरचा पट्टा धरून खाली बसवलं. तिथून पात्याच्या टोकापर्यंत वीस मीटर होते, उतारावरून उतरणाऱ्या माणसाची काही सेकंदं.

परिणाम

दुपारी तीनपर्यंत आग कह्यात आली. धुमसती खोडं आणि ओंडके तपासत माणसं अंधार पडेपर्यंत तिथेच होती. इजा म्हणाल तर एकीच्या डोळ्यात मुरूम गेला, तो धुतल्यावर निघाला.

संध्याकाळच्या बैठकीत एक प्रश्न निघाला : मुलाची घटना अहवालात लिहायची का? काहीच झालं नाही, मग कशाला, उगाच संस्थेचं नाव खराब होईल, असं काहींना वाटत होतं. तो मुलगाच उठून म्हणाला, "लिहा. मला पंखा दिसलाच नव्हता." मग लिहिलं गेलं, त्याचं नाव न घेता, नकाशावर पायवाट आखून.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पंखा बंद करायला हवा होता. बादलीचं कोणतंही काम पंखा फिरता ठेवून करायचं नाही. इंजिन थंड होऊ देऊन पंखा पूर्ण थांबायला काही मिनिटं लागतात, आणि ती मिनिटं आमच्याकडे होती. काकांसाठी पंधरा मिनिटं थांबायला तयार असलेले लोक पाऊण तासाने झडपेसाठी थांबायला तयार नव्हते. आग दिसत असली की माणसाच्या मनातलं घड्याळ जोरात पळतं. म्हणून हा निर्णय त्या घटकेवर सोडायचाच नाही, तो आधीच लिहून ठेवायचा.

माळाची निवड पायवाटेमुळेच चुकीची ठरते. आम्ही चढ मोजला, वीजतारा पाहिल्या, धूळ पाहिली, पण दमलेली माणसं काम आटोपून कुठून खाली उतरतील हे नकाशावर पाहिलं नाही. डोंगरात माणूस नेहमी ओळखीच्या वाटेनेच येतो. वाट दुसरीकडे वळवावी किंवा माळ दुसरा निवडावा. नुसत्या दोरीवर भिस्त ठेवू नये.

मोजणी आग दिसल्यावर सुरू झाली, ती वर जाताना व्हायला हवी होती. आता माळाच्या तोंडाशी एक फळा असतो. वर जाणारा आपला पितळी बिल्ला तिथे अडकवून जातो, उतरला की काढून घेतो. काकांसारखी माणसं एकटी जाणारच, डोंगर त्यांचा आहे. त्यांना अडवण्यापेक्षा प्रत्येकाला वॉकीटॉकी देणं जास्त खरं. खर्च आहे, पण हेलिकॉप्टरच्या एका तासाच्या भाड्यापुढे तो काहीच नाही, आणि हे मी निधी देणाऱ्यांच्या तोंडावर सांगितलं.

महिला अग्निरक्षकांना दिलेल्या हेल्मेटांना हनुवटीचे पट्टे नव्हते. झोतात असं हेल्मेट सर्वात आधी उडतं आणि दगडासारखं लागतं. बऱ्याच जणी साडीवर होत्या. त्यांना दोरीपासून लांब ठेवलं, ते ठीकच. पण त्यांना शर्ट-पँट आणि बूट देणं हे खात्याचं काम आहे, त्यांनी स्वतः जमवावं असं ते नाही.

आणखी एक काळजी आहे. उद्या खरोखर हवाई दलाचं एमआय-१७ आलं, तर या लहान यंत्रावर बसलेला अंदाज तिथे चालणार नाही. तेरा टनांपर्यंतचं यंत्र, एकवीस मीटरहून मोठा पंखा, बादलीत हजारो लिटर. पंचवीस मीटरची दोरी तिथे पंख्याच्या टोकापासून जेमतेम चौदा-पंधरा मीटरवर येईल. झोत केवळ जोराचा नसेल, तो दूरवर आणि जास्त वेळ लागेल. मांडव काय, पत्र्याची छपरंही मोकळी ठेवता येणार नाहीत. त्यासाठी पायथ्याची दुसरी जागा पाहिली आहे. तिच्या उत्तरेला वीजतारांची एक ओळ आहे आणि तिच्यावर पायलटला दुरून दिसणारे रंगीत गोळे अजून बसलेले नाहीत. ते बसवण्याचं पत्र वनविभागाकडून गेलं आहे. हंगाम सुरू व्हायच्या आत उत्तर आलं नाही, तर ती जागा यादीतून काढायची, असं ठरलं आहे, आणि ते लक्षात ठेवण्याचं काम मॅडमकडेच आहे.